केसपेपर निघाला, पुढे काय?



आम्ही बँकेत काम करतो. खाते उघडले म्हणजे ते चालू राहतेच असे नाही. दोन वर्षे व्यवहार नसला की ते निष्क्रिय ठरते. मनाच्या उपचाराचेही तसेच. किती तरुणांचे केसपेपर निघाले, एवढे मोजून भागत नाही.

गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने 10 आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या 495 प्रौढ रुग्णांचा अभ्यास केला. तो 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्यांना नेहमीच्या उपचाराबरोबर समुपदेशनाच्या 6 ते 8 बैठका आणि घरी करायची कामे दिली. तीन महिन्यांनी त्यांचे नैराश्य इतरांपेक्षा कमी होते.

म्हणून मोजायचे ते हे: मुलगा किती बैठकांना आला, मोकळेपणाने बोलला का, घरचे काम केले का? नुसती हजेरी फसवी असते. वडिलांनी आणून बसवलेला मुलगा गप्पच राहतो. येणे थांबले, तर कारणही लिहावे: रात्रपाळी, गाडीभाडे की ‘लोक काय म्हणतील’?

आचोळ्यातल्या पालकांना आमची विनंती आहे, तारीख चुकलेल्या मुलाला रागावू नका, कारण विचारा. शासनाची 14416 ही मोफत टेलिमानस सेवा 2022 पासून आहे. तो क्रमांक घरात लिहून ठेवा. जयभीम!