उत्सर्ग समिती आणि आपले घर

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत ‘उत्तम त्याग’ धर्माच्या दिवशी दिलेले व्याख्यान)



आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, आणि तेही दशलक्षण पर्वातील आठव्या दिवशी, आपल्यापुढे बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे. त्यागधर्माचे शास्त्रीय विवेचन करण्याचा माझा अधिकार नाही. ते कार्य पूज्य मुनिराजांचे आणि विद्वान पंडितांचे. मी एक साधा गृहस्थ आहे. म्हणून घरातील नकोशा वस्तू आपण कशा टाकतो, एवढ्याच विषयावर बोलणार आहे. विषय क्षुल्लक वाटेल; परंतु माझ्या हातून जे घडले ते ऐकल्यावर तो तसा वाटणार नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या मातोश्रींचे निधन झाले. राहते घर विकले होते आणि आठ दिवसांत ते रिकामे करून द्यायचे होते. चांगली भांडी नातेवाइकांनी नेली. तांब्या-पितळेची मोड कासाराकडे गेली. उरलेले सामान म्हणजे फाटक्या गाद्या, वायरींची भेंडोळी, ट्यूबलाइट, स्वयंपाकघरातील शिळेपाके, औषधे. ते एका टेम्पोवाल्याला दिले, ‘सगळे उचलून न्या’ म्हणालो आणि वर पैसे दिले. कोठे नेणार, हे विचारले नाही. रिकाम्या घरात उभे राहून मला वाटले, आपल्याकडून मोठा त्याग घडला.

पंधरा दिवसांनी गावाबाहेरच्या ओढ्याकाठून जात असता एका ढिगाकडे लक्ष गेले. त्यात आईच्या औषधांचा डबा होता. त्यावर ‘सकाळ’, ‘दुपार’, ‘रात्र’ अशा चिठ्ठ्या मीच चिकटवल्या होत्या. अक्षर माझे होते. शेजारी ट्यूबलाइटचा चुरा पडला होता. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा वायरींना आग लावून त्यातील तांबे काढीत होता. आणि एक गाय आमच्याच घरातील लोणच्याची पिशवी गाठीसकट चघळीत होती. मी ती पिशवी ओढून काढली. परंतु त्याआधी तिच्या पोटात किती गेल्या असतील, हे कोण सांगणार? ज्या घरात पाणी गाळल्यावाचून प्यायले गेले नाही, ज्या माउलीने सूर्यास्तानंतर कधी अन्न घेतले नाही, त्या घराचा शेवटचा व्यवहार असा झाला. आणि तो मी केला.

त्या दिवशी मला पाच समित्यांचे स्मरण झाले. ईर्या, भाषा, एषणा, आदान-निक्षेपण आणि उत्सर्ग ही नावे आपण पाठशाळेत पाठ केली आहेत. त्यांपैकी पाचव्या समितीकडे आपण गृहस्थ फारसे लक्ष देत नाही. मुनिराज मलमूत्राचा उत्सर्गदेखील जीवजंतुरहित जागा पाहूनच करतात. ज्यावर तिळमात्र ममत्व उरलेले नाही, त्याचीही जबाबदारी संपली असे आपला धर्म मानीत नाही. ही महाव्रतींची चर्या. गृहस्थाला ती तशी पाळता येणार नाही. तथापि दिशा तीच आहे. वस्तू उंबऱ्याबाहेर गेली की त्याग पूर्ण झाला, हा आपला भ्रम होय. ती जेथे जाऊन पडते, तेथे कोणत्या जीवाला पीडा होणार, हे पाहिल्यावाचून तो पूर्ण होत नाही.

आपल्या आजी-पणजींना हे वेगळे शिकावे लागले नाही. जुने लुगडे वाकळेत जाई, वाकळ विरली की तिचे पोतेरे होई. बोहारीण कपडे नेई, रद्दीवाला कागद नेई. वस्तू मातीच्या, सुताच्या, धातूच्या असत आणि पुन्हा माती, सूत, धातू होत. आजच्या वस्तूंत प्लॅस्टिक, काच, शिसे, पारा एकत्र जोडलेले असतात. म्हणून घर आवरण्यास बसाल तेव्हा सामानाचे चार ढीग करावेत, अशी माझी विनंती आहे.

पहिला ढीग वापरण्याजोग्या वस्तूंचा. येथे एक स्पष्ट बोलतो, राग मानू नये. फाटका, डागाळलेला कपडा गरिबाला देणे हे दान नव्हे. ते आपले ओझे त्याच्या दारात टाकणे आहे. देण्यापूर्वी कपडा धुवावा, बटण लावावे, भांड्याची मूठ घट्ट करावी. जे आपण स्वतः वापरले असते, तेच द्यावे.

दुसरा ढीग भंगाराचा. लोखंड, तांबे, काच पुनःपुन्हा वितळवता येतात. जुने ॲल्युमिनियम वितळवण्यास खनिजापासून नवे तयार करण्याच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते. कागदाचे तंतू मात्र दर फेरीला आखूड होत जातात, म्हणून तो कोरडा आणि स्वच्छ द्यावा. हा ढीग ज्यांच्या हातांतून जातो, त्यांना विसरू नये. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली आणि पुढे तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. आपण खरकटे आणि कागद एकत्र बांधतो, तेव्हा ते त्यांना हाताने निवडावे लागते. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून वर तसे लिहिले, तर एक हात रक्तबंबाळ होण्यापासून वाचतो. हीदेखील अहिंसाच आहे.

तिसरा ढीग घातक वस्तूंचा. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, जुन्या पेटीसारख्या टीव्हीच्या काचेत शिसे असते. वायरींचे प्लॅस्टिक जाळल्यास विषारी वायू निघतो आणि तो प्रथम जाळणाऱ्याच्याच छातीत जातो. ई-कचऱ्यासाठी देशात २०११ साली स्वतंत्र नियम झाले आणि २०२२ साली ते नव्याने करण्यात आले. अशा वस्तू नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच जाव्यात. इन्व्हर्टरची बॅटरी तर नवी घेताना दुकानदारच परत घेतो.

चौथा ढीग आपल्या समाजाचा खास आहे. तीर्थंकरांचे चित्र छापलेल्या लग्नपत्रिका, जुनी पंचांगे, जीर्ण पोथ्या. आशातनेच्या भयाने आपण त्या मंदिराच्या कोपऱ्यात ठेवून येतो किंवा नदीत सोडतो. शाई आणि कागदाचा लगदा पाण्यातील जीवांवर पडतो, याचा विचार होत नाही. पत्रिकेवर भगवंतांचे चित्र छापूच नये, हा सर्वांत सोपा उपाय. जे छापले गेले आहे, ते एकत्र करून थेट लगदा करणाऱ्या कारखान्यात पोहोचवता येईल.

विश्वस्त मंडळापुढे माझी एक नम्र सूचना आहे. दरवर्षी पर्युषणापूर्वीचा एक रविवार यासाठी ठेवावा. आपल्या सभागृहात चार ढिगांसाठी चार जागा असाव्यात आणि प्रत्येक ढीग कोठे गेला, हे पुढच्या सभेत वाचून दाखवावे. या शेवटच्या गोष्टीवाचून बाकी सर्व व्यर्थ आहे. मी नेमके तेवढेच विचारले नव्हते.

अखेरीस एवढेच म्हणेन की, टाकण्याचे सर्व प्रश्न घेण्यापासून सुरू होतात. तत्त्वार्थसूत्राने परिग्रहाला मूर्च्छा म्हटले आहे, आणि गृहस्थाच्या परिग्रहपरिमाणात वस्त्रे-भांड्यांचीही गणना केली आहे. उद्या ‘उत्तम आकिंचन्य’ धर्माचा दिवस. आज घरी गेल्यावर एक कपाट उघडावे आणि त्यातील प्रत्येक वस्तूबाबत स्वतःस विचारावे : ही माझ्या घरातून निघेल, तेव्हा कोठे जाईल? उत्तर सापडले नाही, तर तशी दुसरी वस्तू आणू नये.

आईच्या औषधांचा तो डबा मी घरी आणला. तो अजून माझ्या टेबलावर आहे. काही बोलताना चुकलो असेन, तर उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.