घाऊक भांडाराचे सभासदत्व आणि घरखर्चाचा हिशेब
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात कोल्हार येथे केलेले भाषण)



अशा प्रसंगी समाजाचा पूर्वेतिहास, शिक्षण किंवा विवाहातील उधळपट्टी यांवर बोलण्याची वहिवाट आहे. ते विषय थोर आहेत खरे. परंतु आज आम्ही त्यांहून पुष्कळच साधा विषय, म्हणजे महिन्याचा किराणा, आपणांपुढे ठेवणार आहोत. विवाहाचा खर्च आयुष्यात दोन-चार वेळा येतो. किराणा दर महिन्यास येतो, आणि ज्या घरात मिळकत बेताची असते तेथे तो मुलांच्या वह्या-पुस्तकांच्या पैशांना हात घालतो.

हा विषय आज काढण्यास कारण आहे. हल्ली मोबाईलवरील दुकाने काय, शहरांतील मोठी भांडारे काय, "अमुक वर्गणी भरून सभासद व्हा आणि वर्षभर स्वस्तात घ्या" अशी निमंत्रणे आपल्या घरांत येऊ लागली आहेत. आपली तरुण मंडळी विचारतात की, अशी वर्गणी भरावी किंवा नाही? या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर नाही. पण उत्तर काढण्याची रीत मात्र आहे, आणि ती चौथीच्या गणितापलीकडची नाही.

प्रथम ही कल्पना आली कोठून ते पाहू. अमेरिकेत सॅन डिएगो शहरी सोल प्राइस नामक व्यापाऱ्याने १९७६ साली 'प्राइस क्लब' काढला. गोदामासारखी जागा, मोजकेच जिन्नस, मोठी पुडकी, आणि आत जाण्यास वार्षिक वर्गणी, असा तो प्रकार होता. १९८३ मध्ये सिएटल येथे 'कॉस्टको' निघाले आणि १९९३ मध्ये या दोन संस्था एक झाल्या. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना कॉस्टकोचे नाव आपल्या बाजाराइतके परिचित आहे. २०२४ च्या सप्टेंबरपासून तेथील साधी वर्गणी वर्षास ६५ डॉलर व वरच्या श्रेणीची १३० डॉलर झाली. वरच्या श्रेणीच्या सभासदास खरेदीवर शेकडा दोन परत मिळतात. म्हणजे जादा भरलेले ६५ डॉलर वसूल होण्यास वर्षाकाठी ३,२५० डॉलरांची खरेदी व्हावी लागते. ज्याची खरेदी त्याहून कमी, त्याने वरची श्रेणी घेणे म्हणजे आपण होऊन तोटा पत्करणे होय. हा झाला हिशेबाचा पहिला धडा.

आता आपल्याकडे वळू. जर्मनीची 'मेट्रो' २००३ साली बंगळूर येथे आली. परंतु तिचे दार दुकानदार, खानावळवाले व संस्था यांच्यासाठी होते, घरगुती गिऱ्हाइकासाठी नव्हे. पुढे २०२३ मध्ये तिचा येथील व्यवसाय रिलायन्सकडे गेला. उलट, २००२ साली पवई येथे सुरू झालेल्या 'डी-मार्ट'ने वर्गणी न घेताच छापील किमतीपेक्षा कमी दराने माल विकण्याची रीत पाडली. येथे दुसरा धडा आहे. सवलत मोजावयाची ती पाकिटावर छापलेल्या कमाल किमतीशी ताडून नव्हे, तर आपण एरवी जेथे घेतो तेथील दराशी ताडून. आपल्या गावचा दुकानदारही पुष्कळदा छापील किमतीहून दोन रुपये कमीच घेतो. "छापील किमतीवर शेकडा वीस सूट" हे वाक्य म्हणूनच अर्धे आहे.

तिसरा धडा वजनमापाचा. एक लिटर खाद्यतेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते. तेव्हा १४० रुपयांची लिटरची पिशवी ही किलोस जवळजवळ १५४ रुपये पडते. एकाने लिटरचा भाव सांगावा, दुसऱ्याने किलोचा, आणि आपण त्यांची तुलना करावी, यात फसगत ठरलेलीच आहे. वैधमापन नियमांत २०२१ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यामुळे पाकिटांवर एककाची किंमत छापण्याचे बंधन आले आहे. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर ती दर ग्रॅमची असते. तिला हजाराने गुणिले की किलोचा भाव हाती येतो. आपल्या मुलामुलींना बाजारात नेऊन हे गुणाकार करावयास लावावे. व्यवहारी अपूर्णांक शिकविण्यास याहून चांगली शाळा नाही.

आता एक नमुन्याचा हिशेब मांडू. यातील दर आम्ही केवळ उदाहरणादाखल धरले आहेत; प्रत्येकाने आपल्या वहीतील आकडे घालावेत. पाच माणसांचे कुटुंब घ्या. वर्षास ४८ किलो तेल लागते व भांडारात ते किलोमागे ६ रुपये स्वस्त मिळते, तर २८८ रुपये वाचले. साखर ६० किलो, किलोमागे २ रुपये, म्हणजे १२०. तूरडाळ ३६ किलो, ८ रुपयांप्रमाणे २८८. शेंगदाणे २४ किलो, ८ रुपयांप्रमाणे १९२. चहा १२ किलो, २० रुपयांप्रमाणे २४०. साबण-सोडा वगैरे वर्षाचा ३,६०० रुपयांचा, त्यावर शेकडा पाच, म्हणजे १८०. एकंदर बचत १,३०८ रुपये. वर्गणी ५०० रुपये धरली तर ८०८ उरतात आणि मन प्रसन्न होते.

परंतु भांडार आपल्या वेशीवर नाही. कोल्हारहून नगरास जाऊन येणे म्हणजे सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास. २०२३ पासून एस. टी.त भगिनींना निम्मे भाडे पडते हे खरे. तथापि दोन माणसांचे जाणे-येणे, रिक्षा व हमाली मिळून खेपेस २०० रुपये धरले, तर सहा खेपांचे १,२०० होतात. आता ८०८ मधून १,२०० वजा करा. वर्षाअखेर ३९२ रुपयांचा तोटा! चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात तो हाच. ज्याची नोकरी नगरास आहे व जो रोज तेथे जातोच, त्याची खेप फुकट पडते. त्याला तेच सभासदत्व लाभाचे ठरते. एकाच आळीतील दोन घरांची उत्तरे अशी निरनिराळी येतील, आणि दोन्ही बरोबर असतील.

याखेरीज तीन खर्च असे आहेत की जे पावतीवर दिसत नाहीत. पहिला नासाडीचा. आपल्या आया-आज्या उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरीत, त्यांत कडुलिंबाचा पाला घालीत, डाळीला एरंडेल चोळीत. घरोघरी कणगी होती, म्हणजे घर हेच गोदाम होते. आज दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात दहा किलो रवा आणला, तर पावसाळ्यात त्यात अळ्या होणार आणि शेंगदाणे खवट होणार. दहा किलोंतील एक किलो टाकून द्यावा लागला, तर शेकडा दहाची सवलत तेथेच संपली.

दुसरा खर्च अडकलेल्या पैशाचा. बचत गटातून शेकडा दरमहा दोन रुपये व्याजाने ४,००० रुपये दोन महिन्यांसाठी काढून किराणा भरला, तर १६० रुपये व्याजातच गेले. गावचा दुकानदार उसाचे बिल येईपर्यंत थांबतो. ती उधारीही फुकट नसते, भावात ती थोडीफार धरलेली असतेच. पण आजारपणात, अडीअडचणीत ज्या दाराशी वही घेऊन जाता येते, ते दार दोन रुपयांसाठी तोडण्यापूर्वी विचार करावा.

तिसरा खर्च मनाचा. वर्गणी भरली की "ती वसूल केली पाहिजे" ही भावना बळावते, आणि यादीत नसलेला जिन्नस टोपलीत पडतो. कॉस्टकोच्या नफ्याचा मोठा भाग वर्गणीतून येतो, हे लक्षात ठेवावे. यात त्यांचा दोष नाही; मालावर ते सुमारे १४ ते १५ टक्क्यांपेक्षा अधिक चढवीत नाहीत, आणि असंतुष्ट सभासदास वर्गणी परतही करतात. परंतु तेथील सभासद हा मालक नव्हे. त्याने केवळ प्रवेशाचा हक्क विकत घेतलेला असतो.

'सभासद' या शब्दाचा याहून मोठा अर्थ आपल्या प्रवरेकाठच्या माणसांना शिकवावयास नको. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी आपल्या शेजारी लोणीस सहकारी साखर कारखाना उभा राहिला व १९५० च्या अखेरीस त्याचे गाळप सुरू झाले. तेथील भागधारक शेतकरी हा मालक झाला. सहकारी कारखान्यांनी सभासदांस सवलतीची साखर देण्याची रीत आपण जाणतोच. पण ती सवलत हे सभासदत्वाचे फळ आहे, त्याचे मूळ नव्हे.

ग्राहकांच्या बाबतीत हेच तत्त्व इंग्लंडातील रॉचडेल गावी १८४४ साली अठ्ठावीस जणांनी आचरून दाखविले. पीठ, लोणी, साखर अशा चार जिन्नसांचे दुकान त्यांनी काढले, आणि नफा भांडवलाच्या नव्हे तर खरेदीच्या प्रमाणात वाटला. मुंबईत नायगावी १९४८ साली कामगारांच्या सहकारातून 'अपना बाजार' निघाला. वारणानगरास तात्यासाहेब कोरे यांनी ग्रामीण भागात 'वारणा बाजार' उभा केला. १९६२ नंतर सरकारी योजनेने देशभर ग्राहक भांडारे निघाली, आणि त्यांतील पुष्कळ पुढे बंदही पडली. जेथे सभासद आपल्याच भांडारातून माल घेईनात व घेतलेल्याचे पैसे देईनात, तेथे कोणतेही भांडार टिकणे शक्य नव्हते, हेही सांगितले पाहिजे.

याहून साधी वाट मुंबई ग्राहक पंचायतीने दाखविली. बिंदुमाधव जोशी यांच्या प्रेरणेने १९७५ साली तिचा आरंभ झाला. शेजारच्या कुटुंबांनी संघ करावा, महिन्याची मागणी व पैसे आगाऊ द्यावेत, माल एके ठिकाणी उतरावा आणि सभासदांनीच पाळीपाळीने तो वाटून घ्यावा, अशी ती पद्धत आहे. दुकान नाही, गल्ला नाही, उधारी नाही.

हीच पद्धत आपल्या हिशेबात घालून पाहू. वीस घरांनी मिळून बाजार केला आणि घाऊक दरात तेवढीच सूट मिळाली, तर वीस घरांची बचत २६,१६० रुपये. नगराऐवजी जवळच्या श्रीरामपूरच्या पेठेतून दोन महिन्यांनी एक याप्रमाणे सहा खेपा केल्या. टेम्पो व हमाली मिळून खेपेस १,५०० रुपये धरले, तर खर्च ९,०००. शिल्लक १७,१६०, म्हणजे घरटी ८५८ रुपये, आणि वर्गणी एक पैचीही नाही. एकट्याने गेल्यास जेथे ३९२ रुपयांचा तोटा होता, तेथे वीस जणांनी गेल्यास ८५८ रुपयांचा लाभ झाला. दर तोच, माल तोच. फरक पडला तो केवळ एकत्र येण्याने.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय काढला ती सांगतो. आपल्या समाजात मोलमजुरी करणारी कुटुंबे आहेत. त्यांची चहाची दहा रुपयांची पुडी पंचवीस ग्रॅमची असेल, तर ती किलोस ४०० रुपये पडते. पगारदार माणूस तोच चहा किलोच्या पाकिटात स्वस्त नेतो. जो अधिक गरीब तो अधिक भाव देतो, हा बाजाराचा उफराटा न्याय आहे. भांडाराच्या वर्गणीने हा न्याय बदलत नाही, उलट वाढतो. कारण एकरकमी वर्गणी, वाहन आणि साठवणीची जागा ही ज्याच्यापाशी आहेत त्यालाच ती लाभते.

यास्तव आमची मंडळास नम्र सूचना आहे. प्रत्येक घराने तीन महिने किराण्याची वही ठेवावी, आणि ती वही घरातील भगिनींच्या हाती असावी, कारण कोणता डबा कधी रिकामा होतो हे त्याच जाणतात. तदनंतर आळीतील वीस घरांचा संघ करून तेल, डाळ, साखर, शेंगदाणे व चहा या पाचच जिन्नसांपासून आरंभ करावा. आळीत आपल्या ज्ञातीची वीस घरे नसतील तर शेजारच्या इतर घरांना अगत्याने बोलवावे. तराजूला जात नसते. ज्या घरास दोन महिन्यांचे पैसे आगाऊ देणे शक्य नाही, त्याच्यासाठी मंडळाने आपल्या शिलकेतून लहानसा बिनव्याजी निधी ठेवावा व तो पंधरवड्याच्या हप्त्यांनी फेडून घ्यावा. हे कलम वगळून बाकीची योजना केली, तर ती सुखवस्तू घरांची सोय होईल, समाजाचे कार्य होणार नाही.

आणि ज्यांना भांडाराची वर्गणी भरावयाचीच आहे, त्यांनी खुशाल भरावी. मात्र आधी वर्षाची गरज लिहावी, तिला खऱ्या फरकाने गुणावे, आणि वर्गणी, वाहतूक, नासाडी व व्याज वजा करावे. शिल्लक उरली तर सभासद व्हावे, न उरली तर निमंत्रणास नमस्कार करावा.

८५८ रुपये ही रक्कम मोठी नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु तेवढ्यात एका मुलाच्या वर्षाच्या वह्या व दप्तर येते.