गुरूकडे शिकत असताना संगीतात एम. ए. कशाला?

मागचा भाग ऐकून दोघातिघांनी एकच प्रश्न विचारला. बरीच वर्षं गुरूंकडे शिकतोय, आता विद्यापीठात संगीतात एम. ए. करावं का? मी केलंय, म्हणून आज माझंच सांगते.

ताईंकडे मी नऊ वर्षं शिकत होते. दादरला, आठवड्यातून तीन दिवस. घराणं जयपूर, त्यामुळे अनवट राग बरेच. वही काढायची नाही, असा नियम. ऐकायचं आणि गायचं.

एम. ए.च्या पहिल्याच आठवड्यात मॅडमनी मला फळ्याशी बोलावलं. म्हणाल्या, भूप आणि देसकार यांतला फरक लिही. आता बघा, दोन्हींचे स्वर तेच. सा रे ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही. दोन्ही राग मला येत होते. म्हटलं, गाऊन दाखवते. तर म्हणाल्या, "गाऊ नकोस. लिही." खडू हातात घेऊन मी नुसती उभी. शेवटी लिहिलं काय, तर 'भूप शांत, देसकार जरा चढा'. वर्ग हसला. हसणारच की!

त्याच संध्याकाळी ग्रंथालयात भातखंड्यांची 'हिंदुस्थानी संगीतपद्धती' काढली. हे पुस्तक मुळात मराठीत लिहिलेलं आहे, तेही गुरु-शिष्यांच्या संवादाच्या रूपात. भातखंडे पेशाने वकील, त्यामुळे त्यांचा शिष्य सुद्धा उलटतपासणी घेतल्यासारखे प्रश्न विचारतो. तर, भूपात वादी गंधार, चलन पूर्वांगात, वेळ रात्रीचा पहिला प्रहर. देसकारात वादी धैवत, उत्तरांग प्रधान, वेळ सकाळची, आणि रिषभ दुबळा. मी वाचतेय आणि मला ताईंचा आवाज ऐकू येतोय, "रे वर बसू नकोस गं!" हे सगळं गळ्यात होतंच. ते तसं का, हे मात्र नऊ वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

हा फायदा. आता तोटाही ऐका. असाइनमेंट, प्रेझेंटेशन आणि लोकलचा प्रवास यांत तीन तासांचा रियाज पाऊण तासावर आला. दुसऱ्या सत्रात तार षड्ज लागेना. ताई एवढंच म्हणाल्या, "कागद वाढतायत वाटतं तुझे." आणि ज्यांना नोकरीसाठी करायचंय त्यांच्यासाठी, नुसत्या एम. ए.वर प्राध्यापकी मिळत नाही. साधारणपणे नेट किंवा सेट लागते. नेट म्हणजे दोन पेपर मिळून १५० प्रश्न, ३०० गुण, तीन तास, संगणकावर. गाणं शिकवण्याची पात्रता, आणि त्यात एकही सूर लावायचा नाही! असो.

खरा पेच प्रबंधिकेच्या वेळी आला. विषय होता ताईंच्या परंपरेतल्या बंदिशी. तोपर्यंत ताईंनी वहीला परवानगी दिली होती, रेकॉर्डिंगलाही. वीसेक बंदिशींचं नोटेशन झालं. त्यांतल्या दोन मात्र त्यांना त्यांच्या गुरूंनी शेवटच्या आजारपणात दिलेल्या. त्या म्हणाल्या, "या नाही छापायच्या. तू गा. तुझ्याकडे कुणी शिकायला बसला, तर त्याला दे." मी वाद घातला. खूप घातला. उद्या तुम्ही नसाल, मी नसेन, मग काय? बंदिशी जातील ना! ताई उठून चहा टाकायला गेल्या.

त्या दोन मी घातल्या नाहीत. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं. मुखडेसुद्धा का नाहीत? म्हटलं, परवानगी नाही. ते म्हणाले, संशोधनात असं चालत नाही. त्यांचंही चुकीचं नव्हतं. आजही मला वाटतं, लिहायला हवं होतं. आणि आजही लिहिलेलं नाही.

घरी जाऊन ताईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "किती मार्क कापतील?"

"माहीत नाही. पाच-दहा."

"बरं. तानपुरा लाव."

तर प्रवेशअर्ज भरणार असाल, तर आधी गुरूंशी बोला. रियाजाची वेळ ठरवून घ्या, आणि काय लिहिलेलं चालेल, काय नाही, हे पहिल्याच वर्षी विचारा. मी चौथ्या सत्रात विचारलं, तोवर विषय मंजूर होऊन बसला होता.

पुढच्या भागात तबल्यात एम. ए. करणारा एक मित्र येतोय. त्याच्यासाठी प्रश्न पाठवून ठेवा. भेटूच.