भरून येणारी जखम, आखडणारं तोंड



जखम सगळ्यात लवकर कुठे भरते, असं विचारलंत तर आम्हा शल्यचिकित्सकांचं उत्तर एकच: चेहऱ्यावर आणि तोंडात. तिथला रक्तपुरवठाच तसा उदार आहे. चेहऱ्याची जखम दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आली, तरी नीट धुऊन बहुधा शिवता येते. फाटलेलं कातडं बारीकशा देठावर लोंबत असलं, तरी ते कापून टाकायचं नसतं. पुष्कळदा ते जगतं. कपाळाचं कातडं देठासकट खाली वळवून नाक बांधण्याची पुण्यातली शस्त्रक्रिया १७९४ साली लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. ती यशस्वी झाली ती याच रक्ताच्या जोरावर.

ओठ फाटला असेल, तर पहिला टाका ओठाच्या लाल कडेवर घालायचा. ती कड १ मिलिमीटर सरकली, तरी समोर बसून बोलणाऱ्याला आयुष्यभर दिसते. आणि कुत्रं तोंडाला चावलं, तर कृपा करून हळद, चुना, तिखट काही लावू नका. साबण आणि वाहतं पाणी घेऊन १५ मिनिटं जखम धुवा आणि तडक रुग्णालय गाठा. रेबीजची लस सुरू करायची असते, जखमेत इम्युनोग्लोब्युलिन भरायचं असतं. टाक्यांचं त्यानंतर.

आता मला ज्यासाठी इथे उभं राहायचं होतं, त्याकडे येतो. इतकं भरून येणारं हे तोंड आपणच रोज सुपारी चावून निकामी करतो. गुटखा, मावा, विदर्भातला खर्रा. नावं निराळी, सुपारी सगळ्यांत आहे. तंबाखूचं भय आता लोकांना कळतं. सुपारी मात्र अजून पाहुण्यांपुढे तबकात ठेवली जाते, याचं मला मनापासून दुःख होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसतानाही, कर्करोगकारक ठरवलं आहे.

सुरुवात साधी असते. तिखट सोसत नाही, तोंडाची आग होते. मग गालांच्या आत पांढरट, ताठ पट्टे हाताला लागतात. सुपारीतल्या द्रव्यांमुळे अस्तराखाली तंतू साठत जातात आणि ते विरघळतही नाहीत. त्यांच्या दाबाने रक्तवाहिन्या आकसतात, अस्तर पातळ होतं. शिट्टी वाजत नाही, गाल फुगवता येत नाहीत. कॉलेजातली मुलं सांगतात, ‘पाणीपुरी तोंडात जात नाही.’ मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशींनी १९५३ साली या विकाराचं वर्णन केलं, तेव्हा गुटख्याच्या पुड्या बाजारात आल्याही नव्हत्या.

उपचार आहेत, पण सुपारी सुटल्याशिवाय त्यातला एकही टिकत नाही. तोंड उघडण्याचे व्यायाम, पट्ट्यांत इंजेक्शनं. फारच आखडलं तर पट्टे कापून, नाकाच्या बाजूचं गालाचं कातडं देठासकट तोंडात वळवून बसवावं लागतं. बाहेरून व्रण राहतो. तोंड उघडलं, तरी अस्तर पूर्वीसारखं होत नाही आणि कर्करोगाची टांगती तलवार राहतेच. केरळातल्या अशा रुग्णांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं गेलं, त्यांतल्या ७.६ टक्क्यांना कर्करोग झाला.

महाराष्ट्रात २०१२पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुड्या मिळतात, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून घरातच पाहायला हवं. आज रात्री जेवणानंतर मुलांना, सुनेला, घरी कामाला येणाऱ्या माणसांना आपली मधली तीन बोटं उभी धरून तोंडात घालून पाहायला सांगा. दोनच जात असतील, किंवा दोन आठवड्यांहून जुना न दुखणारा व्रण, लाल वा पांढरा चट्टा दिसला, तर दुखायला लागायची वाट पाहू नका. जवळच्या दंतमहाविद्यालयात किंवा जिल्हा रुग्णालयात त्यांना स्वतः घेऊन जा.