आरोग्याचें पहिलें दार



मोठीं इस्पितळें शहरांत असतात. ताप आणि बाळंतपण मात्र वस्तीवर येतें. म्हणून ५,००० लोकवस्तीस एक उपकेंद्र, असा सरकारी दंडक आहे. परंतु दार जवळ असूनहि हाक मारणारें कोणी नसेल, तर गरीब बाहेरच राहतो. जामखेडास १९७० सालीं कार्य आरंभून डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं पुढें गांवच्याच निरक्षर स्त्रियांस आरोग्यसेविका केलें. तेथें बालमृत्यु घटले.

आपल्या जालना जिल्ह्यांतून कुटुंबें ऊसतोडीस जातात, आणि तान्ह्यांची लस चुकते. तेव्हां या महोत्सवाची खूण म्हणून, गाडी निघण्यापूर्वीं अशा प्रत्येक घरीं जावें, लसीकरणाचें कार्ड सोबत बांधून द्यावें, व आशाताईंस कळवावें. प्रभु आपल्या पावलांस बळ देवो.