मंत्राची चाल



सकाळी रस्त्याने जाताना एखाद्या घरातून ध्वनिमुद्रित गायत्री मंत्र कानी पडतो. साथीला वाद्ये असतात, चाल गोड असते. त्या गोडीविषयी माझी तक्रार नाही. पण मनात एक प्रश्न येतो. मंत्राला चाल आपण लावावयाची, की मंत्राचीच चाल आपण शिकावयाची?

वेदमंत्राला स्वतःची चाल आहे. तिचे स्वर तीन: उदात्त, अनुदात्त आणि स्वरित. ऋग्वेदाची सस्वर पोथी उघडा. अक्षराखाली आडवी रेघ, तो अनुदात्त. डोक्यावर उभी रेघ, तो स्वरित. उदात्ताला खूणच नाही. गंमत अशी, की पाणिनी उदात्ताला उच्च म्हणतो. पण आजच्या ऋग्वेदपाठात उदात्त मधल्या सुरात राहतो आणि स्वरित त्याच्या वर चढतो. माध्यंदिन शाखेचे वैदिक हेच स्वर हाताच्या हालचालींनीही दाखवितात.

हे स्वर कानाला बरे वाटावेत म्हणून योजलेले नाहीत. ते अर्थाला चिकटलेले आहेत. त्वष्ट्याची कथा तैत्तिरीय संहितेत आहे. इंद्राला मारणारा पुत्र व्हावा, म्हणून त्याने मंत्र म्हटला. ‘इंद्रशत्रु’ या शब्दातला अंत्य स्वर उदात्त असता, तर ‘इंद्राचा घातक’ असा अर्थ झाला असता. त्याने आद्य स्वर उदात्त केला आणि अर्थ झाला, ‘इंद्र ज्याचा घातक आहे तो’. अक्षर एकही चुकले नाही. चुकला तो सूर, आणि वृत्र मारला गेला!

म्हणूनच आपल्या पूर्वजांनी पद, क्रम, जटा, घन असे पाठ बांधले. घनपाठात दोन शब्द सुलट, मग उलट. पुढे तिसरा शब्द जोडून तीनही उलटसुलट म्हणावयाचे. शब्दांचा क्रम फिरला की संधी बदलतो, आणि संधीबरोबर स्वरही. पाठ केलेली एकच चाल तिथे उपयोगी पडत नाही.

कोणी म्हणेल, सामवेद तर गातातच ना? गातात. त्यात अक्षरे लांबतात, मध्ये ‘हाउ’सारखे स्तोभ येतात. पण ते गानही ठरलेले; अक्षरांवर स्वरांचे आकडे असतात. उलट, ‘रामकृष्णहरि’ वारकऱ्याने कोणत्याही चालीत म्हणावे. नामाला ती मोकळीक आहे. नाम भक्ताच्या गळ्याशी जुळवून घेते. वेदमंत्रापुढे मात्र गळ्याने जुळवून घ्यावयाचे असते. माझ्या मते साधना इथेच आहे. सूर निवडण्याचे काम मनाकडे उरले नाही, म्हणजे मन ऐकू लागते.

युनेस्कोने 2003 साली वेदपठणाच्या परंपरेचा गौरव केला आणि 2008 साली तिला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. आनंदाची गोष्ट आहे. पण यादी पाठ म्हणत नाही; पाठ माणूस म्हणतो. ध्वनिमुद्रण आपल्याला ऐकविते, परंतु आपली चूक ऐकून आपल्याला थांबवीत नाही. ते काम समोर बसलेला गुरूच करतो.

तेव्हा आपल्यापाशी माझे मागणे लहानच आहे. यंदा कोणी जाणत्यापाशी बसा आणि एकच ऋचा सस्वर शिका. दहा वेळा चुकाल, तो दहा वेळा थांबवील. अकराव्या वेळी तो थांबविणार नाही, तेव्हा मंत्राची चाल काय असते, हे सांगावयाला व्याख्याता लागणार नाही.