करमल, बिंबल आणि सांबाल



आम्ही डिचोलीची माणसं पणजीला जातो ती कामाला. दाखला, सही, शिक्का, आणि मिळेल त्या कदंब बसने परत. परवा मात्र पाटोवर नोकरी करणारी माझी भाची म्हणाली, "मावशी, एकदा काम नसताना ये गे. जेवायला बाहेर जाऊ."

गेले. तिची सुट्टी एक वाजता, मी दहालाच हजर. तीन तास काढायचे म्हणून चर्चसमोरच्या म्युनिसिपल बागेत बसले. बागेच्या मधोमध उंच खांब आहे. पूर्वी त्यावर वास्को द गामाचा अर्धपुतळा होता, आता अशोकाचे सिंह आहेत. बागेचं नाव मात्र जुनंच आहे, गार्सिया द ओर्ता. हे नाव आज आहे, ते बरं.

ओर्ता हा वैद्य. 1534 साली गोव्यात आला. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होतं आणि तिथल्या आपल्या आंब्याचा त्याला कोण अभिमान! इथल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक 1563 मध्ये गोव्यातच छापलं गेलं. सगळं पुस्तक संवादात आहे. एका ठिकाणी तो पाहुण्याशी बोलता बोलता आंतोनिया नावाच्या मोलकरणीला झाडावरची करमलं काढून आणायला सांगतो. पाहुणा चाखतो, आंबटगोड आहेत म्हणतो. मग ओर्ता त्या फळाची नावं सांगतो: मलबारात हे, कोकण-दख्खनेत ते, आणि मलायी भाषेत 'बालिंबा'. बालिंबा! करमलाची धाकटी बहीण आपल्या परसात विहिरीकडे लोंबते, ते बिंबल हो.

असा हा माणूस 1568 मध्ये वारला. लपून ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून इन्क्विझिशनने पुढच्या वर्षी त्याच्या बहिणीला जाळलं आणि 1580 मध्ये त्याची हाडं उकरून तीही जाळली. पुढे पोर्तुगीज अमदानीतच बागेला त्याचं नाव मिळालं. बाकावर शेजारी एक गृहस्थ पेपर तोंडावर घेऊन झोपले होते. मी गप्प बसले.

एक वाजता भाची आली. एका जुन्या घरात नवं हॉटेल, मागे केळी आणि जास्वंद. पाटीवर 'मॉडर्न एशियन'. बाओ आले. वाफेवरचे मऊ, आमच्या सान्नांच्या गोतातले. रामेनचा वाडगा मोठा, किंमत त्याहून मोठी. तेवढ्यात घरी चार दिवसांचं नुस्तं आलं असतं! मग आली सांबाल, म्हणजे मिरचीची मलायी चटणी, घातलेली सुंगटं. पहिल्या घासाला मी थांबले. म्हटलं, "यात गालमो आहे."

गालमो म्हणजे आपला सुका जवळा. भाची हसली. पण वाढणाऱ्या पोराने सांगितलं, यात बेलाचान आहे. जवळा खारवून, आंबवून केलेला मलायी गोळा. आता बघा, आपलं सुंगटांचं लोणचं, बालचांव, म्हणजे तेच नाव! गोवा घेतल्यावर वर्षभरात, 1511 मध्ये, आल्बुकेर्कने मलाक्का घेतलं, आणि पुढे सव्वाशे वर्षं त्या बंदराचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली होता. गलबतं जात-येत होती, त्यांतून बरणीही आली. गालमो घालून बालचांव करणाऱ्या आमच्या शेजारच्या बायांना कुणी मॉडर्न म्हटलं नाही, एवढंच. सांबालातली तिखट मिरची तरी कुठे तिकडची? तीही अमेरिकेतून पोर्तुगीजांच्याच वाटेने आलेली, आपल्याकडे आली तशी.

सांबाल चांगलं होतं. थोडी आंबट चव कमी पडली. दोन बिंबलं ठेचून घातली असती तर. मी तसं म्हटल्यावर ते पोर विचारू लागलं, "कुठे मिळतात?"

पुढच्या शुक्रवारी भाची डिचोलीला येणार आहे, वाटेत म्हापशाच्या बाजारातून गालमो घेऊन. बिंबलाचं झाड यंदा बुंध्यापासून लगडलं आहे. हॉटेलातल्या पोरासाठी एक पिशवी वेगळी काढून ठेवायला सांगितली आहे.